पडद्याबाहेरचा हात

लालबीनं सुनेच्या मनगटाला तेल लावलं, दोन काचेच्या बांगड्या अलगद उतरवल्या आणि आपल्या हातात चढवल्या. हसीना बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. सासू आपला हात का चोळतेय, एवढं विचारण्याचाही तिला हुरूप नव्हता.

पडद्यापलीकडं ओसरीवर हकीम खाजामियाँ येऊन टेकले होते. परक्या बाईचं तोंड बघायचं नाही. पडद्याबाहेर आलेल्या हातावर मलमल टाकायची आणि तिच्यावरून नाडी बघायची, हा त्यांचा रिवाज. लालबीचा सगळा बेत त्या मलमलीच्या भरवशावर होता.

उन्हाळा लागल्यापासून सून उठत नव्हती. डोक्यात मुंग्या चालतात म्हणे, हातपाय दुसऱ्या कुणाचे वाटतात म्हणे. दूध घालणाऱ्या हरणाबाईनं उंबऱ्यातूनच बघितलं आणि "न्हाय बया, हे बाहेरचं हाय," म्हणून लिंबू उतरवून टाकलं. हैदराबादेत शिकून आलेल्या डॉक्टरानं रक्त कमी आहे म्हणून गुलाबी औषधाची बाटली दिली. ज्याच्याकडं जो माल होता, तो त्यानं दिला. लालबीच्या मते रोग एकच होता, कामचुकारपणा. तामलवाडीच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई असलेला तिचा पाशामियाँ मात्र कामावरून आला की बायकोचे पाय चेपत बसायचा.

शेवटी मायलेकांत सौदा ठरला. हकीमसाब सांगतील तो निवाडा. बीमारी निघाली तर अम्मीनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही निघाली तर पाशानं हसीनाला तेरला तिच्या बापाच्या दारात सोडून यायचं आणि दुसरा निकाह लावायचा.

सुनेची नाडी ऐनवेळी काय बोलेल, सांगता येत नव्हतं. स्वतःच्या नाडीची लालबीला खात्री होती. तरणेपणी नवरा गेला, पोर वाढवलं, पण एक दिवस अंथरूण धरलं नाही. छातीत जळायचं, ते सोड्याची चिमूट घेतली की दबायचं. अंधार असतानाच डोळा उघडायचा आणि मग मिटायचा नाही. तेवढं दळण व्हायचं. असल्या गोष्टींना ती बीमारीत धरत नव्हती.

"हात दे, बेटी," खाजामियाँ म्हणाले.

लालबीनं हात बाहेर सारला. काच किणकिणली. विधवा झाल्यापासून त्या हातानं तो आवाज ऐकला नव्हता.

"नींद कैसी है?"

"घोडे बेच के सोती," लालबी आतून म्हणाली.

"खाना?"

"मेरेसे दुगना."

"लालबी, तुमे चुप बैठो. हात को बोलने देव."

हकीम डोळे मिटून बसले. एक बोट उचललं, दुसरं टेकवलं. ओसरीवर पाशा त्यांच्या बोटांकडं बघत होता. मग म्हाताऱ्यानं, बाजारात भाजीचा भाव विचारावा तसं, सहज विचारलं, "पानी को गए तो बावडी में झुक के देखते खडी रहती क्या, बेटी?"

मलमलीखाली काहीतरी ताडकन उडालं. लालबीला ते आपल्याच मनगटात कळलं. तिनं हात मागं ओढायला बघितलं. म्हाताऱ्याची बोटं सुटेनात.

हकीमांनी पाशाला जवळ बोलावलं. ही आजची गोष्ट नाही, ते म्हणाले. आमच्या इल्ममध्ये या बीमारीला सौदा म्हणतात, काळ्या पित्ताची उदासी. आत जळून जळून राख झालीये, वरून माणूस चालतंय एवढंच. माजूनचं चाटण देतो, सरबत देतो, पण औषधावर हवाला ठेवू नका. हिला एकटीला विहिरीवर पाठवायचं नाही.

"कब से है?" पाशानं विचारलं.

"बरसों से."

"बरसों? मेरी शादी को तो अभी साल हुआ."

"नब्ज को तेरी शादी क्या मालूम?"

पाशा पडद्याजवळ आला. "सुने क्या, अम्मी? तुमे कामचोर बोलते थे इसकू." मग हकीमांकडं वळून जरा तोऱ्यातच म्हणाला, "फिकर नक्को, हकीमसाब. हमारी अम्मी है ना. आजतक उनका सर नहीं दुखा. उनो संभालते."

बोटं सुटली. लालबीनं हात आत घेतला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवावी तसा. खरं सांगितलं तर पोरासमोर लबाडी उघडी पडणार होती. शिवाय ते खरं म्हणजे काय, हेही सांगावं लागणार होतं. ती गप्प राहिली. त्याबरोबर हसीनाचं तेरला जाणं टळलं.

बाजेवरून आवाज आला. कितीतरी दिवसांत सुनेनं आपणहून काढलेला पहिलाच.

"कब से, अम्मी?"

लालबीनं दरडावायला तोंड उघडलं. आलं ते दुसरंच.

"पाशा पेट में था."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मेरेकू भी लगता था, तेरे जैसा पड जाना. कौन पडने देता?"

हसीना भिंतीच्या बाजूला सरकली. बाजेवर एका बाईपुरती जागा झाली.

लालबी उठली आणि त्या जागेकडं बघत उभी राहिली.

"अम्मी," बाहेरून पाशानं हाक मारली, "हकीमसाब को चाय रखो."

तिनं ओ दिली नाही.