चित्राचा तोल

चित्राच्या वरच्या कडेजवळ एक पिवळा ठिपका होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. बाकी सगळं राखाडी. तो ठिपका म्हणजे रूपालीच्या स्वेटरचं शेवटचं बटण. संघप्रियाला ते ठाऊक होतं. पण चित्र उलटं, डोकं खाली करून ठेवलेलं होतं, त्यामुळे तो नुसता ठिपकाच राहिला होता.

तिचा नवरा प्रसेनजीत शाळेत चित्रकला शिकवायचा. चित्र उलटं करून पारखायची त्याची जुनी पद्धत. नाक-डोळे ओळखू येत नाहीत आणि आकारांचा तोल तेवढा दिसतो, असं तो मुलांना सांगे. त्यांची मुलगी रूपाली मेंदूज्वरानं गेली, त्यानंतर त्यानं हे एकच चित्र काढलं. दिवाळीत पुरं झालं तसं उलटं करून चित्राच्या लाकडी घोड्यावर ठेवलं. आता बाजारात आंबे आले होते.

तोल बघायला एक सकाळ पुरते. पण संघप्रियानं कधी विचारलं नाही. तिलाही ते सोयीचंच होतं. कॉलेजात ती गणित शिकवायची. चिन्हाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही, नियम पाळले की पुढची ओळ येते, हे ती अलीकडे वर्गात फार वेळा सांगू लागली होती. घरातही पुढची ओळ येत होती. चहा, डबा, इस्त्रीचे कपडे. मुलीचं नाव मात्र दोघांपैकी कुणी घेत नव्हतं.

आज शाहूपुरीतून हंबीरराव आला होता. तो प्रदर्शनं भरवायचा आणि पेपरात चित्रांवर लिहायचा. प्रसेनजीतनं चित्र द्यायचं कबूल केलं होतं. बाहेर रिक्षा थांबली होती.

"काय तोल साधलाय ओ सर! खाली ह्यो जड गोळा, वर एवढासा पिवळा. एक नंबर! नाव काय लावू?"

"रचना," प्रसेनजीत फरशीकडे बघत म्हणाला.

"बेस्ट! उगं अर्थाची भानगडच न्हाय. आणि वरची बाजू हीच न्हवं?" हंबीरराव मोठ्यानं हसला. "ऱ्हाऊ द्या, कसंबी टांगलं तरी चालतंय की!"

त्यानं चौकट उचलायला हात घातला. अंगठा नेमका त्या गोळ्यावर, रूपालीच्या चेहऱ्यावर टेकला.

"हात काढा, भाऊ," संघप्रिया म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, हे कुठंही जाणार नाही. सरळ करा ते. मला माझी पोरगी बघायचीय."