सोलापुरात ऊन कमी पडलं

"अजून धूर घाल," वैष्णवी म्हणाली.

नईमनं घातला. कॉम्प्युटरवरच्या सोलापुरात त्यानं आतापर्यंत कारखान्यांचा धूर सोडला होता, रस्त्यांची धूळ उधळली होती, शेताशेतांत उसाचं पाचट पेटवलं होतं. तरी त्याच्या मॉडेलमधलं ऊन हवं तेवढं उतरत नव्हतं. गच्चीवरच्या ऊन मोजायच्या यंत्रात मात्र दसऱ्यापासून ऊन दहा टक्क्यांनी घटलेलं. सोलापुरात पाणी कमी पडतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ऊन? शुक्रवार पेठेत जन्मलेल्या माणसानं हे ऐकून पोट धरून हसायला हवं. नईम हसला नाही, कारण महिनाअखेरीस त्याची फेलोशिप संपत होती. शिवयोगी सरांनी बजावलं होतं, मॉडेल यंत्राशी जुळलं तर मुदतवाढीवर सही, नाहीतर अब्बांचा टेम्पो आहेच.

दोघांची वाटणी सरळ होती. वैष्णवी गच्चीवर ऊन मोजायची आणि नईम एसीत बसून तेच ऊन गणितानं मांडायचा. ती रापली होती, तो गोरा पडला होता. गच्चीवर तो आयुष्यात एकदाच गेला होता, खंडेनवमीला. तेही वैष्णवीनं माळशिरसहून फोन करून, यंत्राकडं बघ म्हणून शपथ घातली म्हणून. दुसऱ्या दिवशी ही बाई गावी आपट्याची पानं काढायला झाडावर चढली आणि पाय प्लास्टरमध्ये घालून परत आली. तेव्हापासून लोखंडी शिडी कुणी चढलंच नव्हतं. आकडे वायरीतून आपोआप खाली येत होते, मग तडफडायचं कशाला?

त्या दुपारी धुराची शेवटची चिमूट पडली आणि यंत्राची रेषा नि मॉडेलची रेषा एकमेकींवर चपखल बसल्या. वैष्णवी किंचाळली. शिवयोगी सर पेढे घेऊनच आले. मुदतवाढीच्या कागदावर त्यांनी उभ्याउभ्या सही ठोकली.

"उद्याच्या परिषदेत ठणकावून सांगायचं," सर म्हणाले. "सोलापूरचं ऊन धुरानं खाल्लं! आणि यंत्राचा एक झकास फोटो लावा."

प्लास्टर कालच निघालं होतं; फोटोसाठी वैष्णवी लंगडत शिडी चढली. मागोमाग नईम.

ऊन मोजायच्या यंत्राला वर काचेचा छोटासा घुमट असतो. त्यातून ऊन आत जातं; तोच त्याचा डोळा. त्या घुमटावर पिवळाजर्द पट्टा होता, पट्ट्यावर कुंकवाचा टिळा आणि टिळ्यावर तीन आठवड्यांची धूळ.

"हे कुणी केलं?"

"मी," नईम जरा ऐटीतच म्हणाला. "तूच फोनवर सांगितलंस, हळदकुंकू लाव."

"येड्या, खाली खांबाला लावायचं की! ह्यो डोळा हाय त्याचा!"

"मला ते टक्कल वाटलं. तुमच्यात कपाळालाच लावतात ना?" आता तो दुखावला होता. "पावसानं जाऊ नये म्हणून तेलात कालवून लावलं. करंगळीशेजारच्या बोटानं, तू म्हणालीस तसं."

वैष्णवीनं कपाळावर हात मारून घेतला. मग ओढणीनं घुमट घासून घासून पुसला.

"झालं. सरांची सही बी झालीय. गप ऱ्हा, कुणाला काय कळत न्हाय."

नईमला मुदतवाढ हवी होती, लई हवी होती. टेम्पोचा हॉर्न त्याला इथूनच ऐकू यायला लागला. पण उद्या भरसभेत उभं राहून त्याला आपली हळद कारखान्यांच्या माथी मारायची होती, आणि ते काही त्याच्या जिवाला पटेना. तो तडक खाली गेला.

"सर, ऊन कमी झालंच नाही. मी यंत्राच्या काचेला हळद लावली होती."

सरांनी तोंडातला पेढा कसाबसा गिळला. ते स्क्रीनकडं वळले. पुसलेल्या यंत्राचा आकडा वर चढला होता. नईमनं भीतभीत आपलं पहिलं, बिनधुराचं मॉडेल उघडलं. नवा आकडा नेमका त्याच रेषेवर येऊन बसला.

"म्हणजे तुझं मॉडेल पहिल्या दिवसापासून बरोबर होतं," सर म्हणाले. तोवर वैष्णवीही लंगडत दारात येऊन उभी राहिली होती. सरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "सही राहू दे. मला एवढंच सांगा, असं बरोबर असलेलं मॉडेल चुकीचं ठरवलं कुणी?"

नईमनं शाळेतल्यासारखं बोट वर केलं. करंगळीशेजारचं.