चारशे आठवी सही

"मॉम, माझी सही कोणी केली?"

विचारलं डेलेनीने, पण पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी, इत्झेल आणि पाइपरने. दोघी बाहेर पिकअपमध्ये काचा खाली करून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे कान लावून बसल्या होत्या. "हिंमत असेल तर विचारून दाखव," म्हणाल्या होत्या. डेलेनीला अठरा पूर्ण होऊन सहा आठवडे झाले होते. हिंमत नुसती उतू जात होती.

आई बटाटे सोलत होती. सालीची लांब पट्टी तुटली नाही.

"कसली सही?"

डेलेनीने फोन तिच्या नाकासमोर धरला. पोहण्याचा तलाव बंद करणाऱ्या दोन नगरसेवकांना मुदतीआधीच घरी बसवायचं, त्यासाठीच्या अर्जाचं ते पान होतं. अर्ज आईनेच फिरवला होता, खत-बियाण्यांच्या दुकानासमोर टेबल टाकून. फेरनिवडणुकीला चारशे आठ सह्या हव्या होत्या. शुक्रवारी नगरपालिकेच्या क्लार्कबाईंनी तपासून आकडा सांगितला, चारशे आठ. बरोब्बर. शनिवारी कोणीतरी सगळी पानं फेसबुकवर टाकली, आणि रविवारी चर्चमध्ये त्या दोघांपैकी एका नगरसेवकाच्या, क्रॅब्ट्रीच्या बायकोने कोणाकोणाशी हात मिळवला नाही, हे सगळ्या गावाने मोजलं.

सतराव्या पानावर, अकराव्या ओळीत, डेलेनी व्हिटेकर.

"हे तुला कोणी दाखवलं?" आईने विचारलं.

"सगळ्यांनी बघितलंय."

"मी विचारलं, कोणी दाखवलं. बाहेर बसलेल्या पाइपरने? तिचा मामा क्रॅब्ट्रीकडे ट्रॅक्टर दुरुस्त करतो ना?"

बाहेर पिकअपची एक काच हळूच वर गेली.

"मॉम, व्हिटेकरच्या शेवटच्या अक्षराला शेपटी आहे. वर वळलेली. माझ्या सहलीच्या प्रत्येक परवानगीपत्रावर हीच शेपटी होती."

टेबलापाशी डॅड पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं नाही, पण वाचणं थांबलं होतं.

"बरं, केली," आई म्हणाली. "शेवटचा दिवस होता. तू धावण्याच्या स्पर्धेला गेलेलीस, फोन उचलत नव्हतीस. एक कमी पडत होती. तलाव बंद झाला तेव्हा सगळ्यात जास्त कोण रडलं? तीन उन्हाळे तिथे जीवरक्षक म्हणून शिट्टी घेऊन कोण बसलं? तुला विचारलं असतं तर केली नसतीस?"

"केली असती!"

"मग?"

"मग विचारायचं होतंस ना!"

आईने पुढचा बटाटा घेतला. जणू विषय मिटला.

डेलेनीला मात्र भलतंच काही सुचलं. "थांब. क्लार्कबाई प्रत्येक सही मतदार नोंदणीच्या कार्डाशी ताडून बघतात. माझी जुळली कशी?"

आणि तिला आठवलं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ती टोस्ट तोंडात धरून शाळेला पळत होती आणि आई मागून म्हणाली होती, राहू दे ते कार्ड, मी भरून टाकते पोस्टात.

"कार्डावरचीपण तुझीच!" तिला हसू फुटलं. एकटीलाच. "म्हणजे मी स्वतः सही करायला गेले असते, तर माझीच खोटी ठरली असती!"

"डेल," डॅडने पेपर खाली ठेवला. "तुझ्याशी क्रॅब्ट्रीच्या लोकांपैकी कोणी बोललंय का? काही लिहून मागितलं?"

"नाही."

"खरं सांग."

"डॅड, माझं मला काही सुचूच शकत नाही का?"

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फोन ओढून घेऊन पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत ज्याची त्याने केली आहे. खाली आईची सही. शेपटीसकट.

"या एका ओळीपायी खटला होतो. तुझ्या आईवर होईल. वर एक सही बाद झाली की तुझा तलावही जाईल."

डेलेनीचं हसू गेलं. तलावाच्या उथळ बाजूला, तिसऱ्या पायरीवर, तिने इत्झेलच्या धाकट्या भावाला पहिल्यांदा तरंगायला शिकवलं होतं. तो अजूनही रोज विचारायचा, कधी उघडणार.

आईने सुरी ठेवली. डोळे बारीक केले. "तू घरात भांडायला आली आहेस की गावात सांगायला?"

डेलेनीने खिशातून वाहन परवाना काढला आणि सालींच्या ढिगाशेजारी ठेवला. फोटो भयानक होता. खाली सही होती, उंच, वेडीवाकडी, घाईतली. शेपटी नसलेली.

पिकअपचा हॉर्न वाजला. तिने खिडकीतून हात हलवला, जा तुम्ही.

"उद्या आठला क्लार्कबाईंचं ऑफिस उघडतं," ती म्हणाली. "मी जाणार आहे. माझी खरी सही कुठली ते त्यांच्यासमोर करून दाखवणार आहे. गाडी मी चालवणार. मॉम, तू शेजारच्या सीटवर बस."