झालं, उठा!

फोटोग्राफरकाकांचं सगळं कसब एका थापेत होतं. गिऱ्हाईक खुर्चीत काठीसारखं ताठ बसलं की ते एक फोटो काढायचे आणि म्हणायचे, "झालं, उठा!" समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा आणि नेमक्या त्याच क्षणी काका दुसरा फोटो टिपायचे. धुऊन हातात द्यायचा तो हा दुसरा. पहिला कुणाला दाखवायची वेळच यायची नाही, त्यामुळे थाप कधी उघडी पडली नाही.

मग डिजिटल कॅमेरा आला आणि पहिल्याच दिवशी समोर येऊन बसल्या त्यांच्या शाळेतल्या बाई. खोटं बोलल्याबद्दल याच बाईंनी त्यांना एकदा दिवसभर बाकावर उभं केलं होतं. काकांनी सवयीनं एक फोटो काढला, "झालं, उठा बाई!" म्हणाले आणि दुसराही काढला.

"आण इकडे, बघू दे."

पडद्यावर आधी हजेरी घेतल्यासारख्या करड्या बाई दिसल्या, मग उठता उठता खुदकन हसलेल्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा दुसरा कधी काढलास रे?"

"बाई, झालं म्हणालो ते खोटं होतं. चुकलो."

बाईंनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला.

"हाच दे. मी निवृत्त झाले तेव्हा तू काढलेल्या फोटोतही मी खुर्चीतून उठतेच आहे. बघताक्षणी कळलं होतं मला. म्हणून तर दोन बस बदलून तुझ्याकडेच आले."