सुताराची पेन्सिल

लेकीला खालच्या वर्गात बसवायचं का, ते आज ठरणार होतं. "वर्गात लक्षच नसतं, नुसत्या पेन्सिली चावते," ही बाईंची वर्षभराची तक्रार. म्हणून सकाळी वैतागून कानावरची माझी सुतारकामाची जाड पेन्सिलच तिला दिली. "घे, ही चावून दाखव!" आता आत मुलांची पारख करणारे नवे सर तिला गणितं घालत होते, बाहेर मी बाकावर बसून दाराकडे बघत होतो. बाकाचा पाय डुगडुगत होता. एरवी तो तिथंच ठोकून दिला असता. तेवढ्यात दार उघडलं. "खालचा वर्ग कशाला?" सर हसले. "सोपं सोपं करून पोर कंटाळलीय. उद्यापासून गणिताला वरच्या वर्गात बसेल ती." माझा जीव भांड्यात पडला. मागून लेक ओरडली, "बाबा, टोक करून दे! एक गणित राहिलंय!" पेन्सिलीचं टोक पार झिजलं होतं. दातांचा व्रण मात्र शोधूनही सापडेना.