शेपटीचा तडाखा

अंदमानच्या किनाऱ्याजवळ एका समुद्रगाईची शेपटी जाळ्यात अडकली होती. श्वास घ्यायला तिला वर येता येईना. संशोधक हेमांगीच्या होडीवरच्या विश्राम तांडेलने सुरी काढली.

"जपून, काका! तीनशे किलोंचं जनावर आहे. शेपटीचा तडाखा बसला तर बरगड्या मोडतील."

"थांबलो तर ती गुदमरेल गो," म्हणत त्याने बुडी मारली.

खाली पिल्लू आईच्या काखेला, दूध पितात तिथेच बिलगलं होतं. विश्रामने एकेक दोर कापला. जाळं सुटताच आईने वर येऊन दीर्घ श्वास घेतला आणि पिल्लासह समुद्रगवताकडे संथपणे निघून गेली.

विश्राम होडीत चढला, तो डोळे पुसतच.

"लागलं का, काका?"

"मी अगदी शेपटीखालीच होतो. तिने ती हळूच बाजूला घेतली."