बेबीबाईची गावं

वडनेरच्या शिवारात कापूस वेचता वेचता कोडी चालतात. ज्याला उत्तर येत नाही त्यानं कोडं घालणाऱ्याला एक गाव द्यायचं, नुसतं तोंडानं. सखूनं तीस वर्षांत एकही गाव दिलं नव्हतं. नवऱ्याचं, नत्थूचं कोडं ती अर्ध्यातच सोडवायची.

यंदा नत्थू बाजूच्या ओळीतल्या बेबीबाईला कोडी घालू लागला. तिला एक येईल तर शपथ! "हरली मी बाप्पा, घ्या हिंगणघाट!" म्हणत ती खळखळून हसायची, आणि नत्थू सारा जिल्हा जिंकल्यासारखा मिरवायचा.

संध्याकाळी गाठोडं बांधताना सखू म्हणाली, "मले बी घाल ना एक."

"तुले तं सारंच येते."

"घाल म्हन्लं ना!"

नत्थूनं सोप्यातलं सोपं काढलं. "हिरव्या खोलीत गोरी पोरगी, ऊन लागलं का दार फोडून हासते."

केसांत कापूस, ओटीत कापूस, दोन्ही मुठींत कापूस. सखू म्हणाली, "नाई येत. माह्या माहेरचं गाव घे. पन त्या बेबीचे सारे गावं आजच्या आज वापस कर."